एका घरात एक घड्याळ

"मूठ घट्ट आवळा," ती म्हणाली आणि तिने चिटणिसांच्या दंडाला पट्टा बांधला.

चिटणीस म्हणजे ती आणि नवरा ज्या ट्रायथलॉन क्लबात पोहायला, सायकल चालवायला आणि पळायला जात त्या क्लबचे चिटणीस, निवृत्त सर्व्हेअर. मोठ्या शर्यतीआधी सगळ्यांनी रक्त तपासून घ्यायचं असा क्लबचा नियम होता, आणि ती ज्या लॅबमध्ये रक्त घ्यायची तिथे क्लबच्या माणसांना रांगेत बसावं लागत नसे. चिटणिसांची शीर चांगली जाडजूड होती, शोधावीच लागली नाही. तिने सुई घातली आणि जांभळ्या टोपणाची नळी भरू लागली.

"काल तुमचं इंजिन काय पळालं हो!" चिटणीस म्हणाले. "अठ्ठावीस किलोमीटर, आणि किलोमीटरला पाच मिनिटं चाळीस सेकंद! शेवटचे तीन तर पाच वीसने. मी बायकोला बोलावून मोबाइलवर दाखवलं."

"कुठलं इंजिन?"

"अहो, तुमचे मिस्टर! हल्ली इंजिनच म्हणतो आम्ही त्यांना. बोलले नाहीत घरी? कमाल आहे बुवा. एवढं पळून घरात अवाक्षर नाही."

सुई शिरेत असताना हात हलवायचा नसतो. अठरा वर्षांच्या नोकरीत हे अंगात भिनलं होतं म्हणून तिचा हात हलला नाही. काल अठ्ठावीस किलोमीटर ती पळाली होती. नवरा काल सकाळभर बाल्कनीत, दुखरी टाच बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून बसला होता.

"सोडा मूठ. कापूस दाबून धरा, चोळू नका."

तिने नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. नाव, वय, तारीख, दोनदा वाचून बघितलं. नळीवर नाव लागल्याशिवाय माणसाला खुर्चीतून उठू द्यायचं नाही, हा लॅबमधला सगळ्यात मोठा दंडक. दोन वर्षांपूर्वी एका नव्या मुलीने दोन नळ्यांची नावं उलटीपालटी केली होती. त्याच संध्याकाळी तिला घरी पाठवलं. तिच्या बाजूने कोणी एक शब्द बोललं नाही. हीसुद्धा बोलली नव्हती.

"तुम्हीही पळता ना थोडंफार?" बाही खाली करत चिटणिसांनी आपुलकीने विचारलं.

"हो," ती म्हणाली, "थोडंफार."

घरात घड्याळ एकच होतं. अंतर, वेग, काळजाचे ठोके असं सगळं मोजणारं, पळणाऱ्यांचं घड्याळ. ते नवऱ्याचं. तिच्यासाठी दुसरं घ्यायचा विषय दोनदा निघाला होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या सायकलला काहीतरी नवीन आलं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना सकाळी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून नवराबायकोंनी पाळ्या लावून घेतल्या. एक बाहेर, एक घरात. जो बाहेर जाईल त्याच्या मनगटावर घड्याळ. परत आलं की घड्याळ आपलं आपण सगळं मोबाइलवरच्या नवऱ्याच्या खात्यात टाकायचं, आणि ते सगळ्या क्लबला दिसायचं. तिच्या पाळीचं असेल ते तो नंतर बसून तिच्या खात्यात हलवायचा. "मी करतो गं, दोन मिनिटांचं तर काम," म्हणायचा. आणि पाच महिने त्याने ते इमानेइतबारे केलं होतं.

ती कधी उघडून बघत नसे. क्लबातली मंडळी एकमेकांच्या पळण्याला दिवसभर अंगठे देत बसायची, तेवढा वेळ कोणाला होता? क्लबच्या कोच सरांनी दिलेला सरावाचा महिन्याचा तक्ता फ्रिजवर लावलेला होता. त्या दिवसाचं झालं की त्यावर पेनने रेघ मारायची, डबे भरायचे आणि लॅब गाठायची.

नवरा पाण्यात एक नंबर. पळताना मात्र त्याची त्रेधा उडायची, म्हणून क्लबने त्याचं नाव बदक ठेवलं होतं. तोही हसण्यावारी न्यायचा. तिला या सगळ्यात ओढलं ते त्यानेच. त्रेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिने पाण्यात तोंड घातलं नव्हतं. तीन महिने तो रोज उथळ पाण्यात उभा राहिला, तिच्या पोटाखाली तळहात धरून, "सोडत नाही गं, सोडत नाही," म्हणत. मग एक दिवस त्याने हात काढून घेतला आणि तिला ते पलीकडच्या काठाला हात लागल्यावर कळलं. चष्म्याच्या आत पाणी साठेपर्यंत ती रडली होती. आणि काठावर उभा राहून तो वेड्यासारखा टाळ्या वाजवत होता. माणूस सरळसरळ वाईट असता तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून मोकळं तरी होता आलं असतं.

शर्यत मोठी होती. पावणेचार किलोमीटर पोहायचं, एकशे ऐंशी सायकल चालवायची आणि वर बेचाळीस पळायचं, एकाच दिवसात. नोंदणी केव्हाच भरून गेली होती, पण क्लबला एक जागा मिळणार होती. ती कोणाला द्यायची हे सर नोंदी बघून ठरवणार होते. तिने सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, "सर, माझं नाव धरा." चव्वेचाळीस वर्षांत तिने तोंड उघडून, दहा लोकांसमोर, स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती. म्हणायलाही तिला आठवडा लागला होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने मोबाइलवर बघितलं. तिच्या नावावर शेवटचं पळणं सात आठवड्यांपूर्वीचं, बारा किलोमीटर. पुढचे सहाही रविवार नवऱ्याच्या नावावर.

संध्याकाळी तो बाल्कनीत बसून सायकलच्या साखळीला तेल देत होता.

"काल अठ्ठावीस कोण पळालं?" तिने दारातूनच विचारलं.

पेडल फिरवणारा त्याचा हात थांबला.

"कळलं का तुला?"

"चिटणिसांनी सांगितलं. बायकोला बोलावून दाखवलं म्हणे त्यांनी."

त्याने फडक्याला हात पुसले. एकेक बोट, नखांपर्यंत, भरपूर वेळ लावून.

"पहिल्यांदा खरंच राहून गेलं गं. टाच दुखायला लागली ना, तेव्हाचं. दुसऱ्या दिवशी बघतो तर चाळीस जणांचे अंगठे. सरांचा फोन, बदकाला पाय फुटले म्हणून. काय सांगणार होतो मी? मी नाही, माझी बायको पळाली?"

"हो. तेच सांगायचं होतं."

"लाज वाटली."

हे तो इतकं खरं बोलला की तिला ओरडताच येईना. तिने बाल्कनीच्या कठड्यावरचे वाळलेले मोजे काढून घेतले.

"आणि पुढचे पाच रविवार?"

"मग चालूच राहिलं ते."

"आणि जागा?"

त्याने फडकं साखळीवरून फिरवलं. मग म्हणाला, "परवा सांगितलं सरांनी. मला दिलीये. तुला सांगणारच होतो, वेळ बघून. फक्त ह्या रविवारचं बत्तीस नोंदीत यायला हवं, संध्याकाळपर्यंत. नाहीतर जागा डॉक्टरीणबाईंना जाते."

डॉक्टरीणबाई म्हणजे क्लबातल्या दातांच्या डॉक्टर. पहाटे सगळ्यांच्या आधी हजर, आणि बोलणं कमी.

"त्या टाचेने तू बत्तीस पळणार?"

"रविवारी नाही जमणार. पण शर्यतीला अजून तीन आठवडे आहेत. पाण्यात मी तासभर कमावतो, सायकल बरी आहे, पळायचं तिथे चालेन. सतरा तास असतात." त्याने मान वर केली. "तू पळणारच आहेस ना रविवारी? तक्त्यात आहेच तुझ्या."

तो काय मागतोय हे कळायला तिला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा अंगाची लाही लाही झाली.

"तुझ्या नावाने?"

"नावाचं काय घेऊन बसलीस? जागा आपल्याच घरात येतेय ना? तुझं काय, माझं काय!"

"मग माझ्या नावावर येऊ दे. तुझं काय, माझं काय."

त्याने पुन्हा पेडल फिरवलं. त्यावर बोलल्या त्या आतल्या खोलीतून सासूबाई. औषधाला हाक मारली की त्यांना ऐकू यायचं नाही, पण बाल्कनीतलं कुजबुजलेलंही बरोबर पोचायचं.

"अगं, तिन्हीसांजेचं कशाला वाद घालता? तो जाऊन येऊ दे एकदा. पुढच्या वर्षी तू जा."

पुढच्या वर्षी! सुपरवायझरची परीक्षा पुढच्या वर्षी, आई आजारी असताना माहेरी जाऊन राहणं पुढच्या वर्षी, घड्याळ पुढच्या वर्षी. या दोन शब्दांवर तिची वीस वर्षं निघाली होती. ती मोज्यांच्या जोड्या लावत राहिली. एक मोजा विजोड निघाला, तो तिने नवऱ्याच्या मांडीवर टाकला आणि सासूबाईंना उठवून बसवायला आत गेली.

शुक्रवारी तलावावर ती ओल्या पायांनी सरांसमोर उभी राहिली. गळ्यात शिट्टी, पुढे सुटलेलं पोट आणि नजर कायम पाण्यावर, असे सर.

"सर, त्याच्या नावावरचे सहा रविवार माझे आहेत."

सरांनी कोणाच्या नावावरचे ते विचारलं नाही. "कोपर वर! कोपर!" असं ते पाण्यातल्या कोणावर तरी ओरडले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अगं, वीस वर्षं हेच बघतोय मी. तुझा नवरा सातच्या वेगाने पळाला तरी त्याचे ठोके एकशे सत्तरला जातात. आणि एकदम पाच चाळीसने एकशे बेचाळीस? आठवड्याभरात माणसाचं काळीज बदलतं होय? पहिल्याच रविवारी कळलं मला."

क्षणभर तिला बरं वाटलं. अगदी खरंखुरं बरं. ते तिचं पळणं होतं हे कोणालातरी पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आता काही सिद्ध करायला नको. तिने हसून टोपी हातात घेतली.

"मग सर, जागा..."

"जागा त्याचीच. हे बघ, नीट ऐक. आपला तंबू कोणी दिला? टी-शर्ट कोणी दिले? तो नोकरीला आहे त्या रंगाच्या कंपनीने. सायकली न्यायला गाडीही द्यायची म्हणतायत, पण त्यांचा माणूस शर्यतीत उतरला तर. तसं पत्रच आहे. तू लॅबमध्ये. लॅब काय देणार आपल्याला, नळ्या?" स्वतःच्याच विनोदावर सर हसले आणि तिचा चेहरा बघून थांबले. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू त्याच्यापेक्षा कितीतरी सरस आहेस. मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. अजून काय पाहिजे?"

"जागा पाहिजे."

"पुढच्या वर्षी. शब्द देतो." त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि परत खाली घेतली. "रविवारचं बत्तीस मात्र नीट होऊ दे, नोंदी सगळा क्लब बघतो. आणि पाच पन्नास ठेव. फार जोरात पळू नकोस, म्हणजे शोभेल."

"त्याला?"

"हो, त्याला."

तिने टोपी चढवली, चष्मा दोनदा काढून पुन्हा लावला आणि पाण्यात उतरली. तक्त्यात त्या दिवशी तीन किलोमीटर होते, तेवढे तिने पुरे केले. सर काठावरून मधूनमधून "छान, छान" म्हणत होते.

रविवारी साडेचारला ती उठली तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. नवरा आधीच उठला होता. पाण्याच्या दोन बाटल्या मीठ-साखर घालून तयार, केळं ओट्यावर, तिचे बूट दाराशी सरळ लावून ठेवलेले, घड्याळ रात्रभर चार्ज केलेलं. सहा आठवड्यांत एकदाही तिच्यासाठी एवढी सरबराई झाली नव्हती.

"आण हात," तो म्हणाला. त्याने स्वतः तिच्या मनगटावर पट्टा बांधला. "एक भोक घट्टच राहू दे. सैल असलं की ठोके चुकीचे दाखवतं."

तिने बूट चढवले.

"आणि पाच पन्नास, हं. उगाच जीव काढू नकोस."

म्हणजे सरांशी बोलणं झालं होतं. ती सरांकडे जाऊन आली हेही त्याला कळलं होतं, आणि तिच्याजवळ त्याने तो विषयसुद्धा काढला नव्हता. तिने केळं तिथेच ठेवलं आणि जिना उतरली.

नदीकाठच्या रस्त्याने सोळा जायचं, सोळा यायचं. पहिले पाच किलोमीटर तिने सांगितल्यासारखं पाच पन्नासने पळून बघितलं. पायांना ते पटेना. कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी तिने वेग वाढवला, पुलावर आणखी वाढवला. ती मनातल्या मनात भांडत होती. नवऱ्याशी, सरांशी, आतल्या खोलीतल्या त्या आवाजाशी. जी उत्तरं बाल्कनीत सुचली नव्हती ती एकामागून एक सुचत होती, आणि एकाहून एक सणसणीत. नवव्या किलोमीटरला तिने सरांना जे सुनावलं ते ऐकून सर शिट्टी गिळून बसले असते.

पण राग बत्तीस किलोमीटर पुरत नाही. विसाव्यानंतर तो संपला आणि नुसते पाय उरले. चोविसाव्याला डावा गुडघा बोलू लागला. सव्विसाव्याला तिला वाटलं, बसावं इथेच. तिला थांबवणारं कोणी नव्हतं आणि पळवणारंही कोणी नव्हतं. दुकानापुढची पायरी झाडणाऱ्या एका बाईने केरसुणी थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"कोण मागे लागलंय गं?"

"कोणी नाही, मावशी."

"मग सावकाश जा की!"

तिला हसू आलं आणि हसताना दम लागला. ती सावकाश गेली नाही. शेवटचे पाच किलोमीटर ती पाच पंधराने पळाली. हे आपल्याला येतं हेच तिला माहीत नव्हतं. निघाली होती त्या नदीकाठच्या कठड्यापाशी बत्तीस झाले, मनगटावरचं घड्याळ थरथरलं. दोन तास पंचावन्न मिनिटं. आयुष्यात ती इतकं आणि इतक्या जोरात कधी पळाली नव्हती. कठड्याला धरून ती वाकून उभी राहिली. आजूबाजूला कोणीही नव्हतं, आणि आत्ता कोणीतरी असायला हवं होतं असं तिला फार, फार वाटलं.

घड्याळाने विचारलं, ठेवायचं की पुसायचं?

घामाने अंगठा घसरत होता. तो तिने कठड्याच्या दगडाला पुसून कोरडा केला. आकडे एकदा नीट बघून घेतले. मग पुसायचं वर दाबलं. नक्की ना, असं घड्याळाने पुन्हा एकदा विचारलं. तिने नक्की म्हणून सांगितलं.

ती घरी चालत गेली. जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागला, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. दार उघडंच होतं. नवरा मोबाइल हातात धरून दारातच उभा होता आणि अंगठ्याने पडदा खाली ओढून ओढून बघत होता.

"अजून आलं नाही गं. नेट गेलंय की काय. किती झालं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"पळाले नाही मी आज." तिने पट्टा सोडून घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं. मनगटावर वळ उठला होता.

त्याने घड्याळाची बटणं दाबली. एकदा, दोनदा, भराभर. शेवटची नोंद मागच्या रविवारची होती. त्याने तिच्याकडे बघितलं. टोपीच्या कडेला मिठाच्या पांढऱ्या रेघा, अंगाला चिकटलेला शर्ट, भिंतीला टेकूनही थरथरणारे गुडघे.

"पळाली नाहीस काय? ही अवस्था बघ स्वतःची!"

"नाही पळाले."

"पळालीस तू!" त्याचा आवाज चढला. "मला काय डोळे नाहीत? पूर्ण बत्तीस पळालीयस तू. तू पळालीस!"

"मग सांग ना तसं सरांना," ती म्हणाली आणि खाली बसून बुटाची नाडी सोडू लागली. नाडीची गाठ भिजून घट्ट झाली होती, सुटता सुटेना.

त्याच्या हातातला मोबाइल वाजायला लागला. सरांचाच होता. तो तिच्याकडे बघत उभा राहिला, मोबाइल वाजत राहिला.

"अरे, उचल की!" सासूबाई आतून ओरडल्या. "केव्हाचा वाजतोय तो."